नामच्याची दुसरी रात्र

दुबईत माणूस उंचीवर जातो तो लिफ्टनं. तिसाव्या मजल्यावर ऑफिस असलेले साहेब माझ्यासमोर बसून सांगायचे, "मॅडम, आम्हाला उंचीची सवय आहे." तीस मजले म्हणजे फार तर सव्वाशे मीटर. मी त्यांना सांगत असे, की आपण जिथे जाणार आहोत तिथे जेवणाचं टेबलच साडेतीन हजार मीटरवर मांडलेलं असतं. ते हसायचे आणि फॉर्मवर सही करायचे.

बर दुबईतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी सोळा वर्षं काढली. नव्वदच्या सुरुवातीला काउंटरवर तिकिटं कापायला बसले आणि शेवटी हिमालयात माणसं घेऊन जायला लागले. बाहेरच्यांना वाटतं, आमचा धंदा म्हणजे विमानातल्या जागा विकणं. आखातात तरी तसं नव्हतं. जागा मिळायची, रजा मिळायची नाही. माणसाचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. तो सुटायला मॅनेजरची सही हवी, मॅनेजर दौऱ्यावर. विचारलं की उत्तर एकच, इन्शाल्ला. मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारत असे तो "कुठे जायचंय" हा नसे, "परत कामावर कधी हजर व्हायचंय" हा असे. तिथून मागे मोजत यायचं आणि जितके दिवस हाताला लागतील तितक्यात त्याचा हिमालय बसवायचा.

ट्रेकची कल्पना माझीच. लग्नाआधी पुण्याच्या एका गटाबरोबर मी शेर्पांच्या मुलखात जाऊन आले होते. आमचा मॅनेजर मॅथ्यू कोट्टायमचा, त्याला डोंगर म्हटलं की शबरीमला एवढंच ठाऊक. त्याला मी पटवलं. शिखर नाही, बर्फात चढाई नाही, दोर नाहीत. लुक्ला नावाच्या गावात छोट्या विमानानं उतरायचं, तिथून फाकदिंग, नामचे आणि वर तेंगबोचेचा मोठा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, की तिथूनच मागे. गावागावात शेर्पांच्या घरगुती लॉजमध्ये मुक्काम, बटाटे, डाळभात, चहा, वाटेत बौद्ध मठ, आणि चालणं. माहितीपत्रकावर मी नाव छापलं, "शांत हिमालय". दर वर्षी एक गट, कधी दोन.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. एका बँकेतल्या गृहस्थांनी चाकांची सूटकेस आणली होती. लुक्लाच्या दगडी पायऱ्यांवर ती त्यांनी दहा मिनिटं ओढली आणि मग हमालाच्या पाठीवरच्या टोपलीत ती आडवी बसली. शारजाच्या एका बाईंनी प्रेशर कुकर आणला होता आणि त्यांचं बरोबर होतं, वर भात शिजत नाही. लॉजमध्ये एसी आहे का, हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, तोही थंडीत कुडकुडायला निघालेला माणूस.

या सगळ्यात मला सांगायचं आहे ते एका गटाबद्दल आणि एका दिवसाबद्दल, जो मी माझ्या हातानं पेन्सिलीनं खोडला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्या वर्षी रमजान ईद नोव्हेंबरच्या अखेरीस आली होती. हिमालयात तेव्हा हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असतं, म्हणून ईदची सुट्टी आणि थोडी रजा जोडून मी आठ जणांचा गट बांधला. त्यात रास अल खैमाचं टिपणीस कुटुंब होतं. मोहन टिपणीस तिथल्या सिमेंट कारखान्यात भट्टीचे इंजिनिअर. पंचावन्नच्या आसपासचे, मोठ्या आवाजाचे, सगळं आधी ठरवणारे. त्यांच्या पत्नी शुभदाताई शाळेच्या लायब्ररीत काम करायच्या. त्या कमी बोलायच्या, पण त्यांना सगळं लक्षात असायचं. मुलगी ईरा सतरा वर्षांची, तिकडेच वाढलेली. तिच्याशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि आई-वडिलांना त्यात काही वावगं वाटत नसे.

माझा नियम होता, निघण्याआधी सहा आठवडे चालायचा सराव. मी शारजात अल मजाजला राहायची. दर शुक्रवारी टिपणीस मंडळी गाडी घेऊन शारजाला यायची आणि आम्ही खालिद लगूनभोवती दोन फेऱ्या मारायचो. टिपणीससाहेब घड्याळ लावून चालायचे. शुभदाताई मागून यायच्या, पण थांबायच्या नाहीत. मग आमच्या इमारतीचे चौदा मजले पायऱ्यांनी. ईरा म्हणायची, "आंटी, व्हॉट्स द लिफ्ट फॉर?" शुभदाताई एकदा चौदाव्या मजल्यावर माझ्या दाराशी टेकून म्हणाल्या, "मीनलताई, मला तो गोंपा बघायचाय. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल." तेंगबोचेचं एक जुनं छायाचित्र त्यांनी लायब्ररीतल्या पुस्तकात पाहिलं होतं. एवढंच त्यांनी कधी मागितलेलं मी ऐकलं.

रमजान संपत आला की आखातात सगळ्यांच्या सुट्ट्या चंद्रावर टांगलेल्या असतात. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर परवा. आमचं विमान गुरुवारचं होतं. त्या बुधवारी संध्याकाळी ऑफिसात मॅथ्यूनं टीव्ही लावून ठेवला होता आणि फोन थांबत नव्हता. टिपणीससाहेबांचा तिसरा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "साहेब, मी तिकिटं विकते, पंचांग नाही." पण माझाही जीव टीव्हीत होता. ईदच्या आधी त्यांना कारखाना सोडत नव्हता. दहा दिवसांनी येणाऱ्या शनिवारी भट्टी दुरुस्तीला बंद व्हायची होती आणि सकाळी सातला ते तिथे उभे नसले तर त्यांच्याच भाषेत खलास. मधल्या दिवसांत आमचं सगळं बसवलेलं.

चंद्र दिसला नाही. ईद शुक्रवारी. टिपणीसांसारखे गटात आणखी तिघे होते, गुरुवारी न सुटणारे. मॅथ्यूनं फोनवर फोन करून नऊच्या नऊ जागा शुक्रवारवर नेल्या. ते त्याचं कौशल्य, ईदच्या गर्दीत अशा जागा मिळत नाहीत. परतीची तारीख मात्र हलत नव्हती. म्हणजे एक दिवस कमी.

कापण्यासारखे तीन दिवस होते. एक, काठमांडूचा शेवटचा राखीव दिवस. लुक्लाचं विमान हवामानावर उडतं, तो दिवस कापला आणि ढग आले तर टिपणीसांची भट्टी चुकणार. दुसरा, तेंगबोचेचा. तो कापला तर लोक ज्यासाठी येत होते तेच नाही. तिसरा, नामच्याची दुसरी रात्र.

नामच्याला आम्ही दोन रात्री राहायचो. मधल्या दिवशी काही नाही. थोडं वर चढून यायचं, बाजार पाहायचा, गरम पाणी प्यायचं. शरीराला विरळ हवेत जगायला शिकायला वेळ लागतो. तो दिला नाही तर डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, आणि एखाद्याच्या मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज येते. मग तो माणूस खाली नेला नाही तर मरतो. हे मला माहीत होतं. माझ्याच माहितीपत्रकात मी छापलेलं होतं. तरी कागदावर पाहिलं की तो दिवस रिकामा दिसतो. आठ वर्षांत आमच्या गटातल्या कुणालाही डोकेदुखीपलीकडे काही झालं नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीवर रेघ मारली. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी काठमांडूहून पासांगचा फोन आला. पासांग शेर्पा हा माझा पहिल्या गटापासूनचा वाटाड्या. शेर्पांत मुलाचं नाव जन्मवारावरून ठेवतात. पासांग म्हणजे शुक्रवार. आमच्या लोकांना ते फार आवडायचं, कारण आखातात सुट्टीचा वार तोच. पासांग म्हणाला, "दिदी, नामचे में एक रात? दो रात रखो ना." मी म्हणाले, छुट्टी नहीं है, सब लोग फिट हैं, चलेगा. तो "आपका मर्जी, दिदी," म्हणाला आणि विमानाची वेळ विचारून घेतली.

विमानतळावर मी सगळ्यांना नवा कार्यक्रम वाटला आणि नामच्याचा एक दिवस कमी झाल्याचं सांगितलं. का असतो तो दिवस, हे पुन्हा सांगितलं नाही. टिपणीससाहेब म्हणाले, "बरंच झालं. नुसतं बसून करायचं काय?" मला ते ऐकून हलकं वाटलं, हेही लिहून टाकते.

पहिले दोन दिवस छान गेले. लुक्लाहून वाट नदीच्या काठानं उतरते, मग झुलत्या पुलांवरून इकडून तिकडे जाते. शेर्पांच्या गावात आवाज कमी. कुणीतरी बटाटे खणतंय, कुणी याकचं शेण भिंतीवर थापतंय, दारापाशी प्रार्थनाचक्र पाण्यावर आपोआप फिरतंय. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबट भिंती लागतात, त्यांना मणी म्हणतात. मणी उजव्या हाताला ठेवूनच पुढे जायचं, अशी तिथली रीत. पासांग यात कडक होता. कुणी पलीकडून गेलं तर तो त्याला मागे बोलावून पुन्हा फिरवायचा. बँकेतला एक तरुण दोनदा चुकला, ईरा एकदा. शुभदाताई एकदाही नाही. पहिल्या भिंतीपाशीच त्या म्हणाल्या, "प्रदक्षिणाच की ही," आणि त्यानंतर बाकीच्यांना त्याच वळवायला लागल्या. पासांग त्यांना "आमा" म्हणू लागला, म्हणजे आई.

रोज नाश्त्याला मी सगळ्यांना विचारायची, डोकं दुखतंय का, झोप लागली का, भूक आहे का. टेबलाभोवती एकेकाकडे बोट करत. नामच्याच्या सकाळी चौघांनी डोकं थोडं दुखतंय म्हणून सांगितलं. शुभदाताईंची पाळी आली तेव्हा टिपणीससाहेबच म्हणाले, "हिला काय होतंय, माझ्यापेक्षा दणकट आहे." त्या हसल्या आणि "ठीक आहे मी" म्हणाल्या. त्यांच्या बशीतला ब्रेड तसाच होता. मी पाहिलं. पासांगनंही पाहिलं. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "दिदी, आज रुकना है?" मी घड्याळ पाहिलं. यल्ला, म्हणाले, निघू या.

तेंगबोचेची वाट आधी बऱ्याच खाली नदीपर्यंत उतरते. तिथे फुंकी टेंगा नावाची चार घरं आहेत. मग समोरच्या डोंगरावर सहाशे मीटर उभी चढण. पासांग पुढून सारखा म्हणत होता, "बिस्तारै, बिस्तारै," म्हणजे हळू. शुभदाताई शेवटी होत्या. मी त्यांच्या बरोबर राहिले. त्या बोलत नव्हत्या, पण त्या तशाही बोलत नसत. दोनदा थांबल्या. एकदा मी पाणी दिलं तर बाटली हातातून निसटली. थंडीनं बोटं आखडली असतील असं मी स्वतःला सांगितलं. अशा वेळी मन फार पटकन कारणं शोधतं.

दुपारी दोनच्या सुमाराला चढण संपली. वर मोकळं पठार, समोर गोंपा आणि मागे पांढरे डोंगर. बाकीचे पुढे जाऊन फोटो काढायला लागले होते. पठाराच्या तोंडाशीच एक मणी आहे. वाट तिथे दुभंगते, डावीकडून एक, उजवीकडून एक. शुभदाताई सरळ उजवीकडच्या वाटेनं निघाल्या. भिंत त्यांच्या डाव्या हाताला.

मी हाक मारली, "शुभदाताई, अहो, इकडून." त्या चालत राहिल्या. देवळात उलटी प्रदक्षिणा घालणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. त्यांना तर दोन दिवस सगळ्यांना वळवायची सवय लागली होती. तरीही मला वाटलं, दमल्यात. पासांगला तसं वाटलं नाही. तो पाठीवरचं ओझं टाकून धावत आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. "आमा, ये कौन सा गाँव?" त्यानं विचारलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "शारजा."

गोंप्याच्या अंगणात फरशा बसवलेल्या आहेत. पासांगनं त्यांना दोन फरशांमधल्या रेषेवरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला त्या डावीकडे झुकल्या आणि ईरानं धरलं म्हणून पडल्या नाहीत. आत भिक्षूंची दुपारची प्रार्थना सुरू झाली होती, लांब शिंगांचा घुमा आवाज बाहेर येत होता. त्या दाराकडे पाहत होत्या, पण त्यांना ते दिसत होतं असं मला वाटत नाही. मग त्यांनी पायरीवर ओकारी केली.

पासांग म्हणाला, "दिदी, अभी नीचे. अभी."

टिपणीससाहेब तोवर आले होते. त्यांना वाटलं, ऊन लागलंय. मग वाटलं, पोट बिघडलंय. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला आणि आवाज चढला. हेलिकॉप्टर बोलवा, लागेल तो खर्च मी करतो. खालून ढग चढत होते, दरी भरली होती, त्या दुपारी कुणी उडालं नसतं. सकाळी आलं तर आलं. मग ते म्हणाले, "सकाळपर्यंत झोपू दे तिला. बघा, किती दमलीय. आता अंधार पडेल, त्या वाटेनं नेऊन पाडाल तिला."

शुभदाताईंचे डोळे मिटत होते. लॉज वीस पावलांवर होतं, आत चूल पेटलेली. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. त्यांना पांघरुणात घालावं, गरम पाणी द्यावं आणि सकाळ होऊ द्यावी. मी पासांगकडे पाहिलं. त्यानं काहीच म्हटलं नाही. नामच्याला तो बोलला होता, काठमांडूहूनही बोलला होता. आता बोलायची पाळी माझी होती.

"टिपणीससाहेब," मी म्हणाले, "त्या आता झोपल्या तर उठणार नाहीत. मी त्यांना खाली नेतेय. तुम्ही येताय की नाही, एवढं सांगा."

ईरा रडत नव्हती. तिनं आईचे बूट घट्ट बांधायला घेतले होते. "बाबा, जस्ट मूव्ह," ती म्हणाली. ते बाजूला झाले.

औषधांच्या डब्यात याच वेळेसाठी दुबईच्या डॉक्टरांनी बांधून दिलेल्या गोळ्या होत्या. एक पोटात राहिली, एक बाहेर आली. आमच्या हमालांपैकी सगळ्यात दांडगा अंग काजी. त्यानं आपल्या टोपलीची एक बाजू चाकूनं कापली, त्यातून शुभदाताईंचे पाय बाहेर काढले, कपाळावर पट्टा घेतला आणि उठला. पासांगचा भाऊ, आमचा दुसरा वाटाड्या, बाकी गटापाशी थांबला. आम्ही निघालो तेव्हा साडेतीन झाले होते.

वर चढायला जी वाट अडीच तासांची, ती उतरायला दीड तास. पण ओझं माणसाचं, वाट धुळीची, आणि झाडांत उजेड लवकर जातो. अंग काजी दर दहा मिनिटांनी थांबून काठीवर टोपली टेकायचा. प्रत्येक वेळी मी पुढे जाऊन विचारायची, शुभदाताई, माझं नाव काय? पहिल्या थांब्याला त्या म्हणाल्या, "मीनल." तिसऱ्याला नुसतं पाहिलं. चौथ्याला पाहिलंही नाही. तिथून खालपर्यंत मी एकच गोष्ट करत होते, त्यांच्या श्वासाची वाफ दिसतेय का ते बघत होते. दिसली की पुढची चार पावलं टाकायची. टिपणीससाहेब टोपलीला एक हात लावून चालत होते. त्यानं अंग काजीचा तोल जात होता, पण कुणी त्यांना हात काढा म्हणालं नाही.

दिवेलागणीला फुंकी टेंग्याला पोचलो. तिथल्या लॉजवाल्या बाईनं आपला स्वयंपाकघरातला बाक दिला. त्या रात्रीचं वर्णन मी करत बसत नाही. अंग काजी झोपला होता, आम्ही बाकीचे चौघं जागे होतो, आणि एकेका तासाला थोडं बरं होतंय की नाही, यावर आमचं एकमत होत नव्हतं. उजाडताना ईरानं वाकून विचारलं, "ममा, हू ॲम आय?"

"सकाळी सकाळी डोकं नको खाऊस, ईरा," शुभदाताई म्हणाल्या.

टिपणीससाहेब उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

काळजी तिथे संपली नाही. फुंकी टेंगा खोल आहे. नामच्याकडे जायला आधी पुन्हा चढावं लागतं, म्हणजे खाली नेण्यासाठी आधी वर. ते तीन तास मला आदल्या दुपारपेक्षाही वाईट गेले. पण त्या टोपलीत बसून पासांगला प्रश्न विचारत होत्या, आणि वाटेत मणी आली तेव्हा अंग काजीला त्यांनीच डावीकडून जायला सांगितलं. तो तसाच चालला होता, पण आमाचं ऐकल्यासारखं करून "हुन्छ, हुन्छ", म्हणजे बरं बरं, म्हणाला. नामच्याला न थांबता थेट खाली गेलो. लुक्लाला आकाश मोकळं होतं. राखीव दिवस लागलाच नाही. टिपणीससाहेब शनिवारी सकाळी सातला भट्टीपाशी उभे होते.

लुक्लाच्या धावपट्टीशी पासांगनं माझ्या गळ्यात पांढरं उपरणं घातलं, तशी त्यांची निरोपाची पद्धत. "दिदी," तो म्हणाला, "अगली बार दो रात." एवढंच. मी त्यानंतर नामच्याची ती रात्र कधीच कापली नाही. चंद्र दिसो न दिसो. दुसऱ्या एका एजन्सीनं तोच ट्रेक दोन दिवस कमी करून विकला आणि आमची बरीच गिऱ्हाइकं तिकडे गेली, मॅथ्यू कुरकुरला. जाऊ देत म्हणाले.

पण ही पुढची गोष्ट. त्याआधी टिपणीससाहेबांनी आमच्या ऑफिसला लांबलचक पत्र लिहिलं. मॅडमनी प्रसंगावधान राखून माझ्या पत्नीचे प्राण वाचवले, वगैरे. मॅथ्यूनं ते चौकटीत घालून काउंटरच्या मागे लावलं. जानेवारीत तिळगूळ समारंभात तिकडच्या आमच्या मंडळींनी माझा सत्कार ठेवला. शाळेचा हॉल, शाल, नारळ. मी माइकवर म्हणाले, की श्रेय पासांगचं आणि अंग काजीचं आहे. ते खरंच होतं. लोकांना तो माझा विनय वाटला आणि टाळ्या जास्त वाजल्या. दिवस कुणी कापला, ते मी बोलले नाही. समोर पहिल्या रांगेत शुभदाताई बसल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांबरोबर सुरू केल्या आणि सगळ्यांबरोबर थांबवल्या.

मार्चमध्ये त्या एकट्याच ऑफिसात आल्या. रास अल खैमाहून बर दुबई म्हणजे टॅक्सीनं दीड तास. म्हणाल्या, उन्हाळ्याची पुण्याची तिकिटं काढायचीत. मी चहा मागवला. त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. आमचा पहिला कार्यक्रम, चंद्राच्या आधीचा. ईराला तो फाइलमध्ये सापडला होता.

"यात नामच्याला दोन रात्री आहेत," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, हो, मीच कापली. का कापली तेही सांगितलं, राखीव दिवस, गोंपा, भट्टी, सगळं. त्या ऐकत होत्या. पुस्तक परत करायला आलेल्या मुलाचं लांबण ऐकावं तशा.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. डोकं फाकदिंगपासूनच दुखत होतं. नामच्याला रात्रभर झोप नव्हती, पहाटे संडासात जाऊन ओकून आल्या होत्या. नाश्त्याला मी सगळ्यांसमोर विचारलं. आठ माणसं बूट घालून बसलेली, यांना शनिवारी पोचायचंय, चौदा मजले चढून दाखवलेले. "तिथे मी काय सांगणार होते?" त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी बायकांना वेगळं गाठून विचारते, नवरे दात घासत असतात तेव्हा. हा नियम त्या दिवसाचा आहे.

चहा निवत होता. काउंटरमागचं चौकटीतलं पत्र त्यांना दिसत होतं, त्यांच्या नवऱ्याच्या अक्षरातलं.

"मला एवढंच विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी त्या सकाळी नामच्याला सांगितलं असतं, तर तुम्ही थांबला असता का?"

"हो," मी म्हणाले. "लगेच थांबले असते."

नसते थांबले. त्या सकाळी चौघांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं, त्यांना मी गोळी दिली होती आणि हळू चाला म्हणाले होते. त्या पाचव्या झाल्या असत्या. पासांगनं थांबायचं का विचारलं तेव्हा मी त्यांच्या न खाल्लेल्या ब्रेडकडे पाहिलं होतं आणि मग घड्याळाकडे. त्या सकाळच्या मला मी चांगली ओळखते.

शुभदाताईंनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि तिकिटांच्या तारखा सांगितल्या. तीन माणसं, जूनचा शेवटचा आठवडा. मी कॉम्प्युटरकडे वळले आणि जागा बघायला लागले.